एकोणीस फ्रेम

रविवार, ९ मार्च
तलवाड्याजवळून, तुझ्या घरून

प्रिय आत्या,

दुपारची जेवणं उरकून पोरी भांडी घासायला बसल्या की हे पत्र वाच. घाईत वाचू नकोस आणि वॉर्डन बाईंकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण तूच म्हणतेस की फोन कानातून निघून जातो, कागद उशाखाली राहतो. शिवाय फोनवर गावाचा विषय निघाला की तू लगेच कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवतेस. वसतिगृहात कुकर नाही, मोठाली पातेली आहेत. दोन वर्षं तिथं तुझ्या हातचं जेवले आहे मी.

आधी चौकशी. गुडघ्याला तेल लावतेस का? मे महिन्यात तुझं काम संपतंय आणि संस्थेनं नवी बाई बघितली आहे, हे मला वॉर्डन बाईंकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. केजच्या बसस्टँडमागे एक पत्र्याची खोली बघून आलीस, तिला एकच खिडकी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. ती खोली पक्की करू नकोस. निदान हे पत्र संपेपर्यंत तरी नको.

पुण्यात मी नेमकं काय करते, असं तू दिवाळीत विचारलं होतंस. तेव्हा मी जुने सिनेमे सांभाळते एवढंच म्हणाले, आणि तू म्हणालीस, "म्हंजी बसून सिनेमाच बघतीस की." तसं नाही. मला सिनेमा बघायचा नसतो, पुसायचा असतो. टेबलाखालून उजेड येतो, त्यावर सिनेमाची पट्टी ठेवायची, हातमोजे घालून मऊ कापडानं एकेक फ्रेम पुसायची. एका सेकंदाच्या सिनेमात चोवीस फ्रेम असतात. दिवसभर मान मोडून बसले की तीन-चार मिनिटांचा सिनेमा हातावेगळा होतो. काम बारीक आहे, पण मला आवडतं. कुणीतरी केलेलं काम नाहीसं होऊ द्यायचं नाही, एवढीच त्यातली गोष्ट आहे.

ऑक्टोबरात माजलगावहून आमच्याकडे फिल्मचे सहा डबे आले. बिभीषण नावाचा माणूस घेऊन आला होता. त्याचे वडील शहादेव जत्रांमधून तंबूतला सिनेमा चालवायचे. ते वारल्यावर शेड रिकामं करताना हे डबे निघाले. बिभीषण भंगारात देणार होता, पण वरच्या डब्यावर वडिलांच्या हातचं लिहिलेलं दिसलं, 'भुताचा सिनेमा. बाया उठून जातात.' म्हणून थांबला. डबे उघडले तर सिरक्यासारखा आंबूस वास. पट्टी कुजायला लागली की तसाच येतो. पहिल्या डब्यात सिनेमाचं नाव आलं, 'बारवेचं देणं', आणि आमच्या वरिष्ठ बाई उठून उभ्याच राहिल्या. हा सिनेमा एक आठवडा लागला आणि मग चाळीस वर्षांत कुणाच्या दृष्टीस पडला नाही, असं त्या म्हणाल्या. सगळे टेबलाभोवती जमले. मग दुसरा डबा उघडला, तर त्यात आपली बारव होती.

गोष्ट तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण सिनेमानं ती वाढवली आहे. सात टप्प्यांची बारव खणली, पाणी लागेना. पाटलाच्या धाकट्या सुनेची ओटी भरली, तिला पायऱ्यांवरून खाली पाठवलं आणि वरून कुणी हाक मारायची नाही असं ठरलं. पाणी आलं, सून आली नाही. आपल्या गावात गोष्ट इथं संपते. सिनेमात ती परत वर यायला लागते, रोज एक टप्पा. ती किंचाळत नाही, कुणाला धरत नाही. ती एक टप्पा वर आली की पाटलाच्या घरातलं एक माणूस आपणहून उठतं, चप्पल काढून ठेवतं आणि खाली उतरून जातं. बाया उठून का जायच्या ते कळतं. ती सहाव्या टप्प्यावर पोचते तिथं सहावा डबा संपतो. सातवा सापडला नाही, त्यामुळं शेवट काय केला होता ते कुणालाच माहीत नाही. तुला आठवतो का?

तिचं ते चढणं मी पाच वेळा बघितलं. पदर भलत्याच बाजूला उडतो, पाय पायरीवर पडण्याआधीच तिथं धूळ उठते. मग लक्षात आलं की तू वर तोंड करून उलट्या पावलांनी खाली उतरत होतीस आणि त्यांनी पट्टी उलटी फिरवली. मागं न बघता त्या उंच पायऱ्या उतरायच्या, तेही सतराव्या वर्षी! मुंबईच्या हिरॉइन बाई वटवाघळांना भिऊन गेवराईच्या डाकबंगल्यावर जाऊन बसल्या, म्हणून तुला उभं केलं, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण सिनेमात पाठ तुझी आहे, पाय तुझे आहेत, हातही तुझे आहेत. त्यांचा नुसता चेहरा आहे. आमच्या बाई म्हणाल्या, "भुताचं काम कोणी केलंय, शोधा. ही बाई कोण?" मी म्हणाले, माझी आत्या. एवढ्या लोकांसमोर असं म्हणायची ती माझी पहिलीच वेळ होती. ते का, तेही लिहिते.

मी नऊ वर्षांची असताना केजला तुझ्या मामांच्या घरचं लग्न होतं. तिथं मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या एका बाईनं मला जवळ घेऊन बुंदीचा लाडू दिला. आई म्हणाली, ही तुझी आत्या. तोपर्यंत मी 'बारवेला दिलेली' एवढंच ऐकलं होतं. शाळेत पोरी मला त्यावरून चिडवायच्या आणि मीही घाबरायचे. परतीच्या एसटीत मी तो लाडू खिडकीतून फेकून दिला. आईनं ते बघितलं. पुढं अकरावीला तुझ्या धाकट्या भावानं, आप्पांनीच, मला तुझ्याच वसतिगृहात आणून घातलं आणि 'जेवणाचं बरं हाय तिथं' एवढंच सांगितलं. मग तू प्रत्येक परीक्षेच्या सकाळी माझ्या हातात लाडू ठेवलास. ते सगळे मी खाल्ले, पण पहिल्याचं सांगायचं राहून गेलं. आता सांगितलं.

आता चौथा डबा. त्यात ओटी आहे.

त्या दिवशी काय झालं ते मी आईकडून, थोडं आप्पांकडून ऐकलं होतं. दिग्दर्शकाला गावातल्याच बायांचे हात हवे होते. आधी वाळूनं करून बघू, असं ते म्हणाले. बाया म्हणाल्या, ओटीचं नाटक करू नये, ओटी म्हणजे ओटी. घरून गहू आले, नारळ, खण, हळकुंड आलं. पाच सुवासिनी उभ्या राहिल्या, पाचवी आजी. आणि तुझी खरी ओटी भरली. रीतीप्रमाणं, माघारी येण्याची खूण म्हणून, तू चार दाणे सुपात परत टाकायला गेलीस तर दिग्दर्शक ओरडले, टाकू नको, गोष्टीतली सून माघारी येत नाही. तू हात मागं घेतलास. मोठ्या माणसानं सांगितलं, ऐकलं. एवढीच तुझी चूक.

ते लोक गेले आणि पंधरा दिवसांत बारवेला पाणी आलं. तीन वर्षं कोरडी होती. पायऱ्या दिसाव्यात म्हणून त्यांच्या माणसांनी दोन दिवस खपून तळातला गाळ काढला होता, झरा मोकळा झाला. हे मी कॉलेजात असताना गावात उभं राहून सांगितलं होतं, पाटी रंगवून. तुला फोनवर कौतुकानं सांगितलं तर म्हणालीस, "भाषनानं कुनाचं मन फिरत न्हाई, बाय." खरं होतं. गावाला एवढंच दिसलं की खरी ओटी भरली, दाणे माघारी टाकले नाहीत, पाणी आलं. बारवेनं घेतली. मग तुला बघायला येणारे दोन पाहुणे तलवाड्यावरूनच परत फिरले, आणि पुढं कुणीतरी म्हणालं की दिलेलं माणूस घरात ठेवलं तर पाणी जाईल. आजोबांनी तुला केजला तुझ्या मामांकडं पोचवलं. चार महिन्यांसाठी म्हणून.

आजी मरेपर्यंत म्हणत होती, "म्या दाणे घेतलते." कुणी मानलं नाही. पोरीची आई आहे, म्हणणारच. खरं सांगते, मीही मानलं नव्हतं. मला वाटायचं, आजीनं मनाच्या समाधानासाठी धरलेली गोष्ट आहे.

आत्या, सिनेमा नुसता बघितला तर त्या प्रसंगात काही दिसत नाही. पाच हात येतात, जातात, पदर जड होतो. पण मी पुसत होते. पाचवा हात आजीचा. त्यावरचं गोंदण मला पाठ आहे. ती ओंजळ ओतते, हात मागं नेते, आणि नेता नेता तिची दोन बोटं तुझ्या पदरात शिरतात, दाणे उचलतात, आणि मूठ तिच्या स्वतःच्या पदराखाली जाते. एकोणीस फ्रेम. पाऊण सेकंद. दिग्दर्शकाला दिसलं नाही, गावाला दिसलं नाही, मुंबईत ज्यानं पट्टी कापून जोडली त्यालाही दिसलं नाही. तू खाली मान घालून उभी होतीस, तुलाही दिसलं नसणार. तू जे सुपात टाकायचं ते तिनं तुझ्या वतीनं घेतलं होतं. मी हातमोजे काढून बाहेर जाऊन बसले. पट्टीवर पाणी पडलं तर डाग जात नाही.

मग मला रागही आला. चार दाणे घेतले काय न घेतले काय, माणूस विहिरीला देता येतं का? गाव चुकलं होतं हे सिद्ध करायला मला गावाच्याच नियमातला पुरावा कशाला हवा? मी एवढी शिकले, घरात पहिली पदवी माझी, आणि शेवटी दाणेच मोजायचे? पण मी त्या एकोणीस फ्रेम लॅपटॉपवर घेतल्या आणि गावी आले.

परवा सकाळी भिवराबाईकडं गेले. त्या पाच जणींतली आता तीच उरली आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण जीभ तशीच आहे. पडद्यावर स्वतःला बघून म्हणाली, "ह्ये मी हाय? लई बारीक हुते की गं मी. आन् ह्या लुगड्याचं काय झालं कुनाला ठावं." मी पट्टी सावकाश सोडली. तिनं काय बघायचं ते मी अजून सांगितलंच नव्हतं, आणि आजीचा हात आला तसं तिनं काचेवर बोट ठेवलं. "घेतली बघ मूठ." मी चित्र थांबवलं. म्हणाली, "मला काय दावतीस? मी शेजारीच हुते. तवाच बघितलं." मी विचारलं, मग कावून बोलली नाहीस? तिनं पदरानं चष्मा पुसला. "पाणी आलतं ना, बाय. तीन वर्सानं आलतं. दाणे घेतले म्हनलं असतं तर लोक म्हनले असते, मंग पाणी जाईल. मी बी त्याच बारवेचं पाणी भरीत हुते." मी उठले तर हात धरून म्हणाली, "द्वारकीला म्हन, भिवरी अजून जिती हाय. शिव्या द्यायच्या असल्या तर लवकर ये म्हनाव, लई दिस न्हाईत."

तुला ठाऊक आहे का, ते पाणीही राहिलं नाही. मी जन्मायच्या आधीच गावात बोअर झाले आणि बारव आटली. आता तिच्यात बाभळी आहेत. पाणी गेल्यावर तरी तुला बोलवायला काय हरकत होती? पण बोलवायचं म्हणजे चुकलो म्हणायचं, आणि ते कुणाला म्हणायचं नव्हतं. आपल्या घरालाही. आजी गेली तेव्हा तुला तिसऱ्या दिवशी कळवलं. फोन मी केला होता, उशीर मात्र माझा नव्हता. तू एवढंच विचारलंस, "जेवली हुती का माय?" मी हो म्हणाले. जेवली नव्हती, आत्या. दोन दिवस तिनं काही घेतलं नव्हतं. तेही आज सांगून टाकते.

त्याच दुपारी आप्पांना दाखवलं. ते बाजेवर बसून बघत होते. एकदा झालं की म्हणायचे, "फिरव." चार वेळा फिरवलं. मग उठून बाहेर गेले. मी मागं जायला लागले तर आई म्हणाली, "जाऊ दे त्यान्ला." आले तेव्हा हातात आजीची पितळी डबी होती, तंबाखूची. आत राख, आणि राखेत गव्हाचे सात दाणे. बी ठेवतात तसे तिनं राखेत ठेवले होते, म्हणून कीड लागली नाही. जाण्याआधी तिनं ती आप्पांच्या हातात दिली होती. म्हणाली होती, द्वारकी उंबऱ्याच्या आत आली की तिच्या हातानं धान्यात टाकायचे. चार वर्षं ती डबी बियाण्याच्या पिंपामागं होती. मी विचारलं, आप्पा, चार वर्षं? ते म्हणाले, "कोन्त्या तोंडानं जाऊ? ती गेली तवा मी धा वर्साचा हुतो. एसटीच्या मागं पळालतो. मंग मोठा झालो, तवा कावून न्हाई पळालो?" भाषणं मला येतात, पण असल्या प्रश्नाचं उत्तर त्यांत नसतं.

सिनेमाचं थोडक्यात सांगते. आमच्या बाईंना तो एप्रिलात आपल्या गावात, शाळेच्या भिंतीवर दाखवायचा आहे. त्यात कुठंही तुझं नाव नाही. सुरुवातीला एक पाटी जोडता येईल. मी लिहिलंय, 'बारवेतली सून: द्वारका राधाकिशन'. तू हो म्हणालीस तरच पाटी लागेल आणि तरच गावात दाखवतील. नाही म्हणालीस तर डबे पुण्यातल्या थंड खोलीत नीट राहतील. काम तू चांगलं केलं आहेस, एवढं मात्र माझं ऐक. आता मी ते धंदा म्हणून बघते, उगाच म्हणत नाही.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. येत्या शनिवारी आप्पा केजला येणार आहेत. पहिल्या गाडीनं निघतील, दुपारपर्यंत तुझ्या गेटवर असतील. पांढरा सदरा आईनं धुऊन ठेवलाय, डबी त्याच्या खिशात आहे. तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय, कारण कळलं तर तू निघून जाशील अशी त्यांना भीती आहे. मला ते पटलं नाही. एकेचाळीस वर्षांपूर्वी तुला न विचारता सगळं ठरलं, या वेळी तुला आधी माहीत असलं पाहिजे. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, तसं त्यांच्या तोंडावर सांग, ते ऐकून घेतील. पण कुकरची शिट्टी झाली म्हणू नकोस. यायचं असेल तर मधल्या खोलीतले कांदे आईनं काढले आहेत, खिडक्या दोन आहेत. जुनी कणगी आता राहिली नाही, धान्य पत्र्याच्या कोठीत असतं. तिचं झाकण जड आहे, दाणे टाकायचे तर दुसऱ्या कुणीतरी ते धरून ठेवावं लागतं. म्हणून मी रजा वाढवून पुढच्या सोमवारपर्यंत इथंच थांबले आहे.

तुझ्या घरातली, तुझीच,
शिवकन्या